किनाऱ्यावरच्या वाडीचा त्सुनामी-धोका कसा मोजावा : सीमाभागातील कार्यकर्त्यांसाठी कारवारच्या संदर्भात सविस्तर मार्गदर्शक

सीमाभाग म्हटले की बेळगाव, खानापूर, निपाणी या नावांबरोबर कारवारचे नावही आपल्या तोंडी येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे राहणाऱ्याला त्सुनामीची भीती नाही. परंतु घाट उतरला की काळी नदीच्या मुखाशी, माजाळीपासून बैतकोलपर्यंतच्या पट्ट्यात, आपल्या लेकी दिलेली घरे आहेत, आपल्या बाजारातली मासळी तिकडूनही वर चढते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपलीच मुले तिथल्या पुळणीवर खेळत असतात. अशा एखाद्या किनारी वाडीचा धोका गावकऱ्यांनी स्वतः कसा मोजावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच नोंदवतो. त्सुनामीची चर्चा बहुतेक वेळा लाटेच्या उंचीवर अडकून पडते, आणि किनाऱ्यावरच्या घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला उंचावर पोचायला किती मिनिटे लागतात, हे कोणी मोजत नाही. वाडीच्या पातळीवर धोका म्हणजे शेवटी दोन वेळांची तुलना असते : पाणी पोचायला लागणारा वेळ आणि माणूस सुरक्षित जागी पोचायला लागणारा वेळ. पुढचे सगळे टप्पे या दोन आकड्यांसाठी आहेत.

पहिला टप्पा : लाट कुठून येऊ शकते ते ठरवणे

पश्चिम किनाऱ्याच्या दृष्टीने मुख्य उगम म्हणजे पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगतचा मकरान पट्टा. तिथे अरबी समुद्राचा तळ युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी आले. माणसेही वाहून गेली. म्हणजे मुंबईकरांना हादऱ्याने जाग आली नसतानाही लाट आली. म्हणून वाडीत पहिली समजूत हीच पक्की करावी लागते की धक्का जाणवला नाही म्हणजे लाट येणार नाही, असे नसते.

दुसरा उगम पूर्वेकडचा, सुमात्रा-अंदमानचा. २६ डिसेंबर २००४ ची लाट तमिळनाडूपुरती राहिली नाही. ती श्रीलंका आणि कन्याकुमारीला वळसा घालून केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाडपर्यंत पोचली आणि तिथे शंभराहून अधिक माणसे गेली. ‘आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, पूर्वेची लाट आपल्याकडे येत नाही’ हे वाक्य आलप्पाडमध्ये खोटे ठरले आहे. कारवार त्याहून बरेच उत्तरेला असल्यामुळे या उगमाचे वजन कमी धरावे, परंतु यादीतून काढू नये.

तिसरा उगम आपल्या अगदी जवळचा आहे. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे डोंगराचा कडा महामार्गावरून थेट गंगावळी नदीत कोसळला, आणि त्या ढिगाऱ्याने उसळलेल्या पाण्याने पलीकडच्या काठावरील उळुवरे गावातली घरे मोडली. भूकंपाशिवाय, भरपावसात, डोळ्याची पापणी लवायच्या आत उठलेली ही लाट होती. अशा लाटेची पूर्वसूचना कोणतेही केंद्र देऊ शकत नाही. ज्या वाडीसमोर नदी किंवा खाडी आहे आणि पलीकडे तासलेला डोंगर आहे, त्या वाडीने हा उगम वेगळ्या पानावर लिहून काढावा आणि त्या डोंगराला पडलेल्या भेगा, झिरपणारे पाणी, वाकलेली झाडे यांची पाहणी दर पावसाळ्याआधी करावी.

दुसरा टप्पा : पाणी किती वेळात पोचेल याचा ढोबळ हिशेब

त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घेऊन तिला ९.८ ने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. सेकंदाला किती मीटर हे उत्तर मिळते. तीन हजार मीटर खोलीवर ते सुमारे १७१, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरच्या वर जाते. पन्नास मीटर खोलीवर ताशी सुमारे ऐंशी, आणि दहा मीटर खोलीवर ताशी छत्तीस किलोमीटर उरते. वेग कमी होतो तसे मागचे पाणी पुढच्यावर चढते, आणि म्हणून खोल समुद्रातल्या होडीखालून कळून न येणारी लाट किनाऱ्याशी उंच होते.

मकरान किनारा ते कारवार हे सरळ अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर आहे. त्यातला बहुतेक भाग खोल समुद्राचा आणि शेवटचा शंभरेक किलोमीटरचा पट्टा उथळ धरला, तर पाणी पोचायला साडेतीन ते चार तास लागतील असे या हिशेबाने येते. हा आकडा केवळ नियोजनासाठी आहे. प्रत्यक्ष प्रसंगी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेतील त्सुनामी पूर्वसूचना केंद्राने दिलेली वेळच ग्राह्य धरायची. हे केंद्र २००७ पासून काम करते आणि भूकंपमापक, समुद्रतळावरील दाबमापक व भरतीमापक यांच्या नोंदींवरून सूचना काढते. लाट दोन मीटरपेक्षा मोठी असण्याची शक्यता असेल तर ‘वॉर्निंग’, अर्धा ते दोन मीटर असेल तर ‘अलर्ट’ आणि त्याहून लहान असेल तर ‘वॉच’, असे या सूचनेचे तीन स्तर आहेत. वाडीतल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला हे तीन शब्द आणि प्रत्येकाच्या वेळी काय करायचे ते पाठ असले पाहिजे.

चार तास ऐकल्यावर अनेकांना हायसे वाटते. त्यांना मी असे विचारतो : रात्री दोन वाजता निघालेली सूचना तुमच्या वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायला किती वेळ लागेल? जिल्हा नियंत्रण कक्ष, तहसीलदार, पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), वॉर्डचा सदस्य आणि मग घर, अशी ही साखळी आहे. तिच्यातील प्रत्येक माणसाला विश्वासात घेऊन एका रात्री तिची चाचणी घ्यावी आणि प्रत्येक कडीला लागलेली मिनिटे लिहावीत. चार तासांतून ही मिनिटे वजा करावीत, घरातून बाहेर पडण्याचा वेळ वजा करावा, आणि अर्धा तास राखीव ठेवावा. उरतो तो आपला खरा वेळ.

तिसरा टप्पा : जमिनीची उंची मोजणे

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मोबाइलवर दिसणारी उंची बऱ्याच वेळा कित्येक मीटरने चुकते. उपग्रहावरून केलेले उंचीचे नकाशे माडांच्या शेंड्यांना आणि घरांच्या छपरांना जमीन समजतात, आणि माडांनी भरलेल्या किनाऱ्यावर त्यामुळे सखल वाडी उगाचच उंच दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरांच्या अंतराने असतात. आपल्याला तर दोन आणि पाच मीटरांतला फरक हवा असतो.

यावर सोपा आणि विश्वासाचा उपाय म्हणजे गवंड्याची लेव्हल नळी. बेळगावात कोणत्याही बांधकामावर ती दिसते : पंधरा-वीस मीटर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी, तिच्यात पाणी. पाण्यात चिमूटभर कुंकू किंवा थोडी नीळ टाकली की पातळी उन्हातही स्पष्ट दिसते. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये, कारण एका बुडबुड्याने वाचन चुकते. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या घ्याव्यात.

सुरुवात उधाणाच्या रेघेपासून करावी. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीनंतर पुळणीवर वाळलेले शेवाळ, शिंपले, काटक्या आणि प्लास्टिकच्या बाटल्यांची जी ओळ राहते, ती ही रेघ. ती नेमकी कुठे असते हे रांपण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या कोणत्याही वयस्क माणसाला विचारावे. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत दीड-दोन मीटरांचा फरक पडतो, म्हणजे १९४५ साली मुंबईला आलेल्या लाटेच्या उंचीइतकाच. लाट ओहोटीलाच येईल असे धरून कोणी नियोजन करू नये.

एकाने रेघेवर काठी धरावी, दुसऱ्याने नळी ताणेल तेवढ्या अंतरावर घराच्या दिशेने. दोन्ही टोकांचे पाणी स्थिर झाले की दोघांनी आपापल्या काठीवरची पातळी वाचावी. समुद्राकडच्या काठीवरील आकड्यातून पुढच्या काठीवरील आकडा वजा केला की पुढची जमीन किती उंच आहे ते कळते. मग दोन्ही टोके अंगठ्याने दाबून पुढे सरकावे आणि असेच बेरीज करीत टेकडीच्या पायथ्यापर्यंत जावे. त्याच वाटेने परत मोजत यावे. रेघेवर पोचल्यावर बेरीज शून्याच्या जवळ आली नाही, किलोमीटरभराच्या अंतराला दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.

या मोजणीतून जमिनीवर तीन रेघा मिळवाव्यात : उधाणाच्या रेघेपासून दोन मीटर, पाच मीटर आणि दहा मीटर उंचीच्या. चुन्याने किंवा खांबांवर रंगाने त्या प्रत्यक्ष दाखवाव्यात. कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ अॅपवर सर्व्हे नंबर दिसतात, त्यामुळे कोणते घर कोणत्या पट्ट्यात येते हे कागदावर उतरवणे सोपे जाते. इन्कॉइसने बहुआपत्ती नकाशे तयार केले आहेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे त्यांची मागणी करून आपल्या रेघांशी ताडून पाहावेत. फरक आढळल्यास जी रेघ जास्त आत जाते, ती धरावी.

पुळणीवरची घरे पाहताना काळी नदीची खाडी विसरली जाते, आणि मला ही चूक सर्वांत घातक वाटते. लाट नदीच्या मुखातून आत शिरते आणि दोन्ही काठांवर पसरते, त्यामुळे समुद्रापासून एक-दोन किलोमीटर आत असलेले खाडीकाठचे घर समुद्रासमोरच्या उंच घरापेक्षा अधिक धोक्यात असू शकते. खाजण जमिनी (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनी), ओढ्यांची तोंडे आणि मोऱ्यांच्या जागाही याच पद्धतीने मोजाव्यात.

खानापूर किंवा गोकाककडच्या माणसाला हे सगळे समजायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मलप्रभा, घटप्रभा आणि मार्कंडेयच्या काठावरील कित्येक भिंतींवर चिखलाची रेघ राहिली होती. कारवारला जाण्याआधी आपल्या गावात तशी एखादी रेघ शोधावी, नळीने तिची उंची काढावी, आणि त्या पातळीखाली किती घरे येतात ते मोजून पाहावे. सराव म्हणून हे उत्तम आहे, आणि आपल्या नदीकाठच्या गावाच्याही ते उपयोगाचे आहे.

चौथा टप्पा : माणसांची नोंद

घरांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. किनाऱ्यावरची वस्ती दिवसाच्या प्रहराप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि पुरुष घरी असतात. ऑगस्टनंतर पुरुष समुद्रात, बायका बाजारात आणि घरी म्हातारी माणसे व मुले, अशी स्थिती असते. बंदरातल्या होड्यांवर झोपणारे परप्रांतीय खलाशी तर कोणत्याच यादीत नसतात. हिवाळ्यात आणि मे महिन्यात पर्यटकांची भर पडते, आणि त्यांना एकही वाट ठाऊक नसते. म्हणून नोंद किमान दोनदा, एकदा बंदीच्या काळात आणि एकदा हंगामात, आणि प्रत्येक वेळी दिवसाची व रात्रीची वेगळी करावी.

प्रत्येक घरात किती माणसे, त्यांतील कोणाला उचलून न्यावे लागेल, कोण गरोदर, कोणाला ऐकू येत नाही, घरातला मोबाइल रात्री चालू असतो का, जनावरे किती, एवढेच विचारावे. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांना यातले निम्मे आधीच माहीत असते. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय ही नोंद करू नये. आजारपणाची माहिती गावभर होऊ नये याची काळजी घ्यावी.

पाचवा टप्पा : वाट चालून पाहणे

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका आजींना बरोबर घेऊन मी त्यांच्या घरापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत चाललो. अंतर सातशे मीटर. मोबाइलच्या नकाशाने नऊ मिनिटे सांगितली होती. आम्हाला एकतीस मिनिटे लागली. त्यातली सहा घरातच गेली : चष्मा, औषधांचा डबा, कुलूप, आणि दावणीची गाय सोडणे. पाणंद संपल्यावर ज्या माडाच्या बागेतून आजी लहानपणापासून जात होत्या, तिथे नवा चिऱ्याचा गडगा घातलेला होता आणि फाटकाला कुलूप होते. वळसा घालून आलो तर बेचाळीस पायऱ्या, एका बाजूला कठडा नाही. आजी तीनदा बसल्या. शेवटच्या वेळी त्या म्हणाल्या, “तू हो पुढे, मी येते सावकाश.” प्रत्यक्ष प्रसंगी हे वाक्य ऐकणाऱ्या नातवाने काय करायचे, याचे उत्तर आधी ठरवलेले असले पाहिजे. पुढे बागेच्या मालकांशी बोलून फाटकाची एक किल्ली अंगणवाडीत आणि एक शेजारच्या घरी ठेवण्यात आली, आणि तीच वाट अठरा मिनिटांवर आली.

अशी चाल प्रत्येक पट्ट्यातील किमान एका सावकाश चालणाऱ्या माणसाबरोबर करावी, आणि एकदा अंधारात, विजेरीवर करावी. धडधाकट माणूस मिनिटाला साठ मीटर चालतो असे धरले, तर वृद्ध माणसाला तीस धरावे आणि चढावर त्याहूनही कमी. वाट समुद्रापासून दूर जाणारी असावी. खाडीला समांतर किंवा पुलावरून जाणारी नसावी.

पुलांबद्दल स्पष्टच सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये काळी नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला आणि त्यावरची मालमोटार नदीत गेली. त्या वेळी ना लाट होती, ना भूकंप. सदाशिवगडच्या बाजूच्या माणसाने सदाशिवगडच्याच डोंगरावर चढायचे आणि कारवारच्या बाजूच्याने आपल्या मागच्या टेकडीवर. नदी ओलांडायची योजना कोणीही करू नये. या किनाऱ्यावर डोंगर समुद्राच्या जवळ आहेत ही मोठीच अनुकूलता आहे. गाड्या काढण्याचीही गरज नाही. अरुंद रस्त्यावर अडकलेल्या दोन मोटारी चालणाऱ्यांचीही वाट बंद करतात. नौदलाच्या हद्दीलगतच्या वाड्यांनी मात्र कोणता रस्ता खुला मिळेल हे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आधीच लेखी विचारून घ्यावे.

सहावा टप्पा : सूचना कळते का ते तपासणे

सरकारी सूचना कन्नडमध्ये येते, घरात कोकणी किंवा मराठी चालते, आणि बंदरातला खलाशी हिंदी किंवा ओडिया बोलतो. भाषेचा प्रश्न आपल्या भागात फार जिव्हाळ्याचा आहे. इथे मात्र तो मिनिटांचा प्रश्न आहे. तीन-चार वाक्यांची सूचना या सर्व भाषांत आधीच ध्वनिमुद्रित करून पंचायतीत, देवळात, चर्चमध्ये आणि मशिदीत ठेवावी. वाडीतल्या एखाद्या वृद्ध स्त्रीला ती एकदाच ऐकवावी आणि “आता तुम्ही काय कराल?” असे विचारावे. उत्तर चुकले तर वाक्य बदलावे. घंटेची खूण नेहमीच्या पूजेच्या घंटेहून वेगळी असावी.

सूचनेत तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. पाणी एकदम मागे हटले तर मासे गोळा करायला जाऊ नये, लगेच उंचावर जावे. आणि पाणी मागे हटले नाही तरी लाट येऊ शकते. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. पुढच्या लाटा दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने, कित्येक तास येत राहतात, म्हणून अधिकृत सूचना येईपर्यंत कोणी खाली उतरू नये. जे खोल समुद्रात आहेत त्यांनी बंदराकडे परतू नये.

सातवा टप्पा : निष्कर्ष काढणे आणि पंचायतीपुढे ठेवणे

आता प्रत्येक घरासमोर दोन आकडे मांडावेत : हाती असलेला खरा वेळ आणि लागणारा वेळ. लागणारा वेळ रात्रीसाठी दुप्पट धरावा, असे मी अनुभवाने ठरवले आहे. दुप्पट करूनही वेळ पुरत असेल तर हिरवी खूण, जेमतेम पुरत असेल तर पिवळी, पुरत नसेल किंवा घरात उचलून न्यावे लागणारे माणूस असेल तर लाल. प्रत्येक लाल घरासाठी दोन शेजाऱ्यांची नावे ठरवावीत; एकच नाव पुरत नाही, कारण तो एक माणूस त्या दिवशी समुद्रात असू शकतो. मकरानच्या लाटेसाठी बहुतेक घरे हिरवी निघतील, आणि लाल निघतील ती बहुधा सूचना न पोचणारी, एकट्या वृद्धांची आणि खाडीकाठची. डोंगर कोसळण्याच्या शक्यतेसाठी वेगळा तक्ता करावा. तिथे हाती असलेला वेळ शून्य धरायचा असल्यामुळे अतिवृष्टीच्या दिवसांत ती घरे आधीच रिकामी करणे हाच मार्ग आहे.

हा तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ठरावासह जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवावा. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन वस्त्यांना २०२० साली युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाने ‘त्सुनामी रेडी’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठीचे बारा निकष, ज्यांत धोक्याचे नकाशे, वाटांचे फलक, चोवीस तास सूचना मिळण्याची सोय आणि किमान दोन वर्षांतून एकदा सराव यांचा समावेश आहे, आपल्या वाडीलाही लागू करून पाहता येतात.

बेळगाव-खानापूरकडच्यांनी आपली यादी स्वतंत्र करावी : कोणत्या घरी किती माणसे काही दिवस राहू शकतील, कोणाकडे जीप आहे, आणि अणशी घाट दरडीने बंद झाला तर अनमोडमार्गे कोण जाईल. पावसाळ्याआधी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पाण्यात गेल्यावर एकदा, दोन्ही याद्या समोर ठेवून बदललेली नावे, नवे गडगे, नवी कुलपे आणि बंद झालेले फोन नंबर दुरुस्त करून घ्यावेत.